मूर्तिजापूरला गाडी बदला

आवाज किती असावा याबद्दल एका घरातल्या दोन माणसांचं एकमत झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. आमच्याकडे टीव्हीचा आवाज २२ वर असला की मला धड ऐकू येत नाही आणि हिला मंगल कार्यालयात बसल्यासारखं वाटतं. शेजारच्यांच्या टीव्हीवर तोच २२ चा आकडा असला की त्यांच्या मालिकेतली सासू आमच्या स्वयंपाकघरात येऊन बोलते. २२ म्हणजे किती, हे ज्या त्या टीव्हीनं आपापलं ठरवलेलं असतं. इतकी साधी गोष्ट मला साठ वर्षं माहीत होती. तरी २०२२ साली मी एका आकड्यावर विसंबलो, आणि त्याचा परिणाम म्हणून आमचे वडील पियानो वाजवू लागले.

वडिलांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांची तक्रार आली नाही. इतरांची आली.

बाबा पेटी वाजवत. पोटासाठी कारकुनी आणि जिवासाठी यवतमाळच्या भजनी मंडळात पेटी. पेटीच्या कलावंताला त्या काळात फारसा मान नसे. बैठकीत गवयाचं नाव, तबलजीची वाहवा आणि पेटीवाल्याला चहा. त्यात आकाशवाणीनं १९४० साली पेटीला आपल्या दारातून बाहेर काढलेलं. तिचे सूर खिळ्यांनी ठोकल्यासारखे एका जागी पक्के, तिच्यावर मींड निघत नाही, असा आरोप. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली आणि पुढेही हळूहळूच सैल झाली. आमच्या घरी रेडिओ आणि पेटी एकाच फळीवर असत. बाबा रेडिओ लावायचे तेव्हा पेटीवर कापड टाकायचे. धूळ बसू नये म्हणून, असं ते म्हणत. मला वाटतं, तिच्या कानावर काही पडू नये म्हणून.

१९८४ साली घरात टेपरेकॉर्डर आला तेव्हा मी बाबांना बसवून त्यांची एक चाल कॅसेटवर घेतली. शब्द नाहीत, नुसती पेटी. मागे टाळ आणि तबला. ती कॅसेट पुढे इतक्या वेळा वाजली की शेवटी पेटीपेक्षा खरखरच जास्त ऐकू येऊ लागली. २०२२ साली बाबांच्या जन्माला शंभर वर्षं होत होती, सगळी भावंडं यवतमाळला जमणार होती, आणि मी निवृत्त असल्यामुळे माझ्याकडे वेळ होता. रिकाम्या माणसाच्या हातात संगणक देणं किती धोक्याचं असतं हे आमच्या हिला विचारा. मी ठरवलं, कॅसेट ऐकत ऐकत ती चाल सूर न् सूर संगणकात लिहून काढायची.

तीन महिने लागले. सूर सोपे होते. अवघड होता तो भाता.

पेटीचं एक वैशिष्ट्य न वाजवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तिची पट्टी तुम्ही जोरात दाबा की हळू दाबा, तिला काही म्हणजे काही फरक पडत नाही. पट्टी फक्त वाट उघडते. आवाज लहान-मोठा होतो तो डाव्या हातानं भात्यातून किती हवा येते त्यावर. म्हणजे उजवा हात गातो आणि डावा हात श्वास घेतो. बाबांच्या डाव्या हाताला एक सवय होती. ओळ संपत आली की ते भाता थोडा सैल सोडत आणि शेवटचा सूर अर्ध्या हवेवर ठेवत. मुलं झोपलेल्या खोलीचं दार ओढून घ्यावं तसा तो सूर मिटत असे. ती चाल कुणीही वाजवू शकेल. पण त्या शेवटच्या सुरावरून बाबा ओळखू येत.

आता हे कागदावर कसं लिहायचं? आपल्याकडे भातखंड्यांनी गावोगाव फिरून चिजा गोळा केल्या आणि स्वरलिपी दिली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. पण हा सूर किती जोरात म्हणायचा याला त्या लिपीत खूण नाही. ते गुरूनं समोर बसवून सांगायचं. उलट तिकडे युरोपात जोराची एवढी काळजी, की इटलीतल्या क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास जे वाद्य केलं त्याचं पुढे नावच पडलं ‘पियानोफोर्ते’, म्हणजे ‘हळू-मोठ्यानं’. आपण त्यातलं ‘मोठ्यानं’ टाकून दिलं आणि ‘हळू’ तेवढं ठेवलं.

संगणकातल्या संगीताची लिपी पियानोवाल्यांच्या वळणाची आहे, आणि माझा घोटाळा तिथूनच सुरू झाला. या लिपीचं नाव मिडी. पूर्ण नाव म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस. ते एकदा म्हणून दाखवलं, आता पुन्हा म्हणणार नाही. १९८० च्या सुमारास विजेच्या पेट्या, म्हणजे सिंथेसायझर, जगभर निघत होते, पण एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलत नसे. जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी हे मूळचे घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. सगळ्या घड्याळांनी एकच वेळ दाखवावी असं घड्याळजीला वाटणारच. त्यांनी १९८१ साली अमेरिकेतल्या मंडळींपुढे एका समान भाषेची कल्पना मांडली. सीक्वेन्शियल सर्किट्स कंपनीच्या डेव्ह स्मिथ यांनी त्याच वर्षी तिचा आराखडा तयार केला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात अमेरिकेचं प्रॉफेट-६०० आणि जपानचं ज्युपिटर-६ एका वायरनं जोडलं गेलं. एकाची पट्टी दाबली आणि दुसरं वाजलं. त्याच वर्षी जूनमध्ये कपिल देवनं विश्वचषक उचलला. आपल्याकडे कुणाचं या वायरीकडे लक्ष गेलं नाही हे साहजिक आहे.

या दोघांनी आपल्या भाषेवर कुणाकडून एक पैसाही मागितला नाही. २०१३ साली त्यांना त्याबद्दल ग्रॅमी मिळालं. फुकट दिलेल्या गोष्टीला तीस वर्षांनी बक्षीस मिळतं, एवढा आशावाद मी या हकिगतीतून घेतला.

पण या भाषेत आवाज नाही. हे मला उशिरा कळलं. मिडीच्या फाइलमध्ये नुसते हुकूम असतात. अमुक सूर लाव, एवढ्या जोरानं लाव, आता बंद कर. जोर सांगायला ० ते १२७ असे आकडे. १२८ च पायऱ्या का, तर संगणकाच्या एका घासात मावतात आठ बिट. त्यातला एक बिट ‘हा हुकूम आहे की आकडा’ एवढंच सांगण्यात खर्च होतो. उरलेल्या सातांत १२८ च्या वर पायऱ्या बसत नाहीत. गंमत म्हणजे ‘शून्य जोरानं सूर लाव’ याचा अर्थ या भाषेत ‘सूर बंद कर’ असा आहे. आमच्या ऑफिसातसुद्धा साहेब शून्य उत्साहानं ‘बघू’ म्हणाले की अर्ज नामंजूर झाला असं समजत.

आणि ज्या वाद्याला जोर कळतच नाही त्यानं काय करायचं? त्यानं सरसकट ६४ हा आकडा पाठवावा, असं नियमात लिहिलेलं आहे. पेटीला डोळ्यासमोर ठेवूनच हे कलम केलं असावं असं मला वाटलं. मी बाबांच्या सगळ्या सुरांना ६४ दिले. भात्यासाठी वेगळी सोय सापडली. मिडीत ‘कंट्रोलर’ नावाचे पुष्कळ क्रमांक आहेत. त्यातला ७ क्रमांक म्हणजे वाद्याचा एकंदर आवाज आणि ११ क्रमांक म्हणजे वाजवता वाजवता होणारा चढ-उतार. तबलजीला बैठकीत किती लांब बसवलं, तो ७. बसल्यावर तो बोटांनी काय करतो, तो ११. बाबांचा भाता मी त्या ११ मध्ये भरला. ओळ संपताना ९०, ८४, ७१, ५८… कॅसेट मागे घ्यायची, ऐकायचं, आकडा टाकायचा. एका संध्याकाळी हिनं विचारलं, “अहो, काय करताय?” मी म्हटलं, “भात्याचं बघतोय.” ती म्हणाली, “महागाई भत्ता? मिळाला का मागचा?”

माझ्या संगणकातला पेटीचा आवाज मात्र अगदीच सुमार होता. धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्यात ध्वनिमुद्रणाचंच काम करतो, त्याच्याकडे उत्तम आवाज असतात. त्याला फाइल पाठवायची, त्यानं चांगल्या पेटीवर ती लावायची, असा बेत. मी फाइल धाडली. अर्ध्या तासात फोन आला.

“मामा, यात टाळ कोण वाजवतंय?”

“का रे?”

“काही नाही. मला वाटलं, भांडी पडली.”

पुढे कळलं ते असं. पेटीच्या जागी पियानो वाजत होता आणि तबल्याच्या जागी लग्नातल्या बँडचा ड्रम. टाळ तर असे वाजत होते की दिंडीऐवजी दंगल वाटावी. आणि या सगळ्याच्या मागे बाबांचे सूर सगळे सारख्या जोरानं, मान खाली घालून, सरकारी फॉर्म भरल्यासारखे चाललेले.

ही म्हणाली, “मामंजींना आयुष्यात कुणी पियानोवर बसवलं नव्हतं. तुम्ही करून दाखवलंत.”

भाचा शांत मुलगा आहे. तो म्हणाला, “मामा, एकेक बघू.” आणि पंधरा दिवस रोज रात्री नऊ वाजता यवतमाळ–पुणे असा खटला चालला.

पियानोचा उलगडा लगेच झाला. १९९१ साली मिडीवाल्यांनी १२८ वाद्यांची एक समान यादी केली, तिचं नाव जनरल मिडी. पहिल्या क्रमांकावर पियानो. फाइलीत वाद्याचा क्रमांक लिहिलेला नसला की बरीच सॉफ्टवेअर पहिल्यालाच उभं करतात. त्या यादीत सतार आहे १०५ वर, सनई आहे ११२ वर. मधे बँजो आणि स्कॉटलंडची बॅगपाइपसुद्धा आहे. पेटी नाही. तिची परदेशी चुलत बहीण ‘रीड ऑर्गन’ २१ व्या क्रमांकावर आहे, तीवर समाधान मानायचं. तबला कुठेच नाही. तालवाद्यांसाठी दहावं चॅनेल राखून ठेवलेलं, आणि तिथे सगळा विलायती ड्रमचा संसार. म्हणजे आकाशवाणीनं १९७१ नंतर पेटीला आत घेतलं तर वीस वर्षांनी दुसऱ्या एका दारानं तिला बाहेर ठेवलं. हे आवाज भाच्यानं हातानं बदलले. पेटी पेटी झाली, तबला तबला झाला. टाळ मात्र तसेच.

“मामा, टाळांचा जोर सगळा १२७ आहे.”

“असू दे की. मी त्यांचा आवाज खाली ओढून ठेवलाय. पडद्यावर ती सरकती पट्टी असते ना, ती अगदी तळाला.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, “ती पट्टी फाइलीत येत नाही.”

वाचकहो, इथे मला मूर्तिजापूर आठवलं. ज्यांना आमची छोटी गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या विलायती कंपनीनं वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी यवतमाळपासून दारव्हा, कारंजावरून मूर्तिजापूरपर्यंत लोहमार्ग घातला. सुमारे ११३ किलोमीटर. गाडीचं लाडकं नाव शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. धावत होतं हा शब्द मी आपुलकीनं वापरतो. तिच्या दोन रुळांतलं अंतर अडीच फूट. मूर्तिजापूरला जी मुंबई–नागपूरची मोठी लाइन लागे तिच्या रुळांतलं अंतर साडेपाच फूट. त्यामुळे यवतमाळचा डबा मूर्तिजापूरच्या पुढे जाऊ शकत नसे. कापसाच्या गाठी तिथे उतरवायच्या, मोजायच्या आणि मोठ्या गाडीत चढवायच्या. आकडा दोन्हीकडे तोच. पण छोट्या गाडीत ज्या मालानं डबा गच्च होई, तेवढ्या मालात मोठ्या गाडीचा डबा भरतच नसे. आणि छोट्या डब्यात हमालानं कोणती गाठ कुठे टेकवली होती, ते मूर्तिजापूरला तिथेच राही.

आम्ही शेगावला निघालो की मूर्तिजापूरला गाडी बदलायची. आई वळकटी घेई, आक्का माझा हात धरी आणि बाबा पेटी. हमालाला त्यांनी ती कधी उचलू दिली नाही. फलाट ओलांडताना ते डावा हात भात्यावर दाबून धरत, धक्क्यानं उघडू नये म्हणून.

तर माझी सरकती पट्टी मूर्तिजापूरला राहिली होती. ती त्या सॉफ्टवेअरच्या मालकीची. फाइलीबरोबर जातो तो ७ क्रमांकाचा कंट्रोलर. मग मी प्रत्येक वाद्याच्या आरंभी ७ चा आकडा घातला, टाळांना ६४ दिले, पट्ट्या सगळ्या समान केल्या आणि फाइल पुन्हा धाडली. माझ्याकडे टाळ आता देवघरातल्यासारखे नाजूक वाजत होते.

“मामा, अजून मोठे आहेत.”

“अरे, ६४ आहेत की!”

“इथेही ६४ च आहेत.”

टीव्हीचा २२ आकडा तो हाच. मिडीवाल्यांनी शिफारस केलेल्या हिशेबानं ७ क्रमांकावर ६४ म्हणजे पूर्ण आवाजाच्या सुमारे १२ डेसिबेल खाली. पण एखाद्या सॉफ्टवेअरनं सरळ त्रैराशिक मांडलं, १२७ ला पूर्ण तर ६४ ला निम्मं, तर तेच ६४ सुमारे ६ डेसिबेलच खाली जातात. दोन्ही हिशेब आपापल्या जागी चालतात. फक्त एकीकडचे टाळ दुसरीकडे गेले की घोटाळा होतो. भाच्यानं ६४ चे ३२ केले तेव्हा टाळ देवघरात आले.

राहता राहिला भाता. पेटीचा आवाज आता उत्तम होता, पण ओळीच्या शेवटी काहीच होत नव्हतं. शेवटचा सूर सरळ उभा, कवायतीतल्यासारखा. मी हिरमुसलो. तीन महिने एकेक आकडा लावलेला होता. तेवढ्यात भाच्यानं आक्काला फोनवरून तो तुकडा ऐकवला. आक्का आमच्यात सगळ्यात मोठी. पेटीला हात न लावता तिनं पेटी सगळ्यात जास्त ऐकलेली. ती म्हणाली, “छान आहे. कोण वाजवतंय?”

त्या रात्री मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला सापडलं. त्याच्या त्या भारी पेटीला ११ क्रमांक कळतच नव्हता. अशा पुष्कळ नव्या वाद्यांत चढ-उतार १ क्रमांकाच्या कंट्रोलरवर ठेवलेला असतो. बाबांचा भाता फाइलीत पुरा होता, एकही आकडा गळालेला नव्हता. ऐकणारा वेगळ्या क्रमांकाच्या खिडकीवर बसला होता, एवढंच. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. भाच्यानं ११ चे सगळे आकडे उचलून १ वर ठेवले. मग ते जरा जास्तच झाले, कारण त्या पेटीत १ खाली आला की आवाज लहान होतो आणि सुराचा पोतही मऊ पडतो. चढ-उतार त्यानं थोडा आवळला. तरी एक भूत उरलंच. पहिल्यापासून लावलं की ठीक, मधूनच लावलं की पेटी ओरडे. कारण आवाजाचा हुकूम आरंभी दिलेला. मधून सुरू केलं तर तो वाटेत भेटतच नाही. मागचे हुकूम आधी गोळा करून मग वाजव, असं सॉफ्टवेअरला सांगायची एक खूण असते. त्यानं ती केली.

“पण बरोबर झालंय हे मी ठरवू कसं?” भाचा म्हणाला. “मी आजोबांना वाजवताना पाहिलेलंच नाही.”

हा प्रश्न मात्र आमच्या हिनं सोडवला. ती भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, “तुमच्याकडे कसं वाजतंय ते नुसतं रेकॉर्ड करून का नाही पाठवत त्याला? ऐकेल आणि तसं करेल.” पंधरा दिवसांत हे आम्हा दोघांना सुचलं नव्हतं. मी माझ्या सुमार पेटीवरचं ध्वनिमुद्रण पाठवलं, सोबत कॅसेटवरची खरखर पाठवली. भाच्यानं दोन्ही शेजारी ठेवून कानानं जुळवलं. आकडे कुठले कुठे गेले. माझे ५८ त्याच्याकडे ४७ झाले आणि ते बरोबर होते.

२०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती निघाली आहे. तीत सुराच्या जोराला १२८ च्या जागी ६५,५३६ पायऱ्या आहेत. भाचा म्हणतो, पुढच्या वेळी ती वापरू. मी म्हटलं, आधी मला १२८ निस्तरू दे.

जमलो तेव्हा साउंडवाला मुलगा बोलावला होता. आम्ही चाळीस माणसं, त्याचे डबे चारशे माणसांचे. मी त्याला म्हटलं, “बाबा, आवाज जरा बेतानं.” तो म्हणाला, “काका, कायले टेन्शन घेता? मस्त फुल्ल ठेवतो ना मी!” पंधरा दिवस आम्ही ज्याच्यासाठी दशांश-अपूर्णांक केले ते त्यानं एका बोटानं गरकन फिरवलं. भाच्यानं धावत जाऊन ते बटण खाली आणलं आणि शेवटपर्यंत तिथेच उभा राहिला.

आक्का पुढच्या खुर्चीवर होती. चाल सुरू झाली. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. ती काही बोलली नाही. संपल्यावर मी जवळ गेलो तर म्हणाली, “पेटीचा भाता गळतोय रे अजून. बाबांना किती वेळा सांगितलं, दुरुस्त करून घ्या म्हणून.”

भाता खरंच गळत असे. लांब सुराच्या मधे आवाज किंचित बसायचा आणि बाबा लगेच सावरायचे. कॅसेटवर ते ऐकू येतं. ८४, ७९, ८४. मी ते आकडे काढणार होतो, राहून गेले.

“घेतो करून,” मी म्हटलं.